गव्हर्नरच्या राजवाड्यातली साक्ष

ऱ्होड्स हे ग्रीसचं बेट तुर्कस्तानच्या इतकं जवळ आहे की हवा स्वच्छ असली की पलीकडचे डोंगर दिसतात. लोक तिथे समुद्र पाहायला आणि जुना किल्ला पाहायला जातात. मी दोन हजार तीनच्या दिवाळीच्या सुट्टीत गेले ती माझ्या धाकट्या भावाचं होणारं सासर पाहायला.

प्रमोद खानपानाचा कोर्स करून जहाजाच्या स्वयंपाकघरात लागला, मग जहाज सोडून ऱ्होड्सच्या एका हॉटेलात आचारी म्हणून राहिला. सात वर्षांत दोनदा घरी आला. एक दिवस त्याने आगाशीला घरी फोन करून सांगितलं की तो तिथल्याच मुलीशी लग्न करतोय. मुलीचं नाव त्साम्बिका. आईने "अंबिका ना? चांगलं नाव आहे," म्हणून स्वतःची समजूत घातली. बाबांनी दोनच प्रश्न विचारले. घर कसं आहे, आणि तू परत कधी येतोस? पहिल्याचं उत्तर प्रमोद भरभरून द्यायचा. दुसरा प्रश्न आला की लाइन कट व्हायची.

आमची केळीची आणि पानवेलीची वाडी आहे. बाबांच्या मनात ती प्रमोदने पुढे चालवावी असं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वाडीची कामं बाजूला ठेवून आई-बाबांनी मला शिकायला पाठवलं, म्हणून आज मी विरारच्या एका शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे बाबा मला म्हणाले, "तू शिकलेली. तुला कुणी फसवणार नाही. तू बघून ये. मुलगी बरी आहे का ते सांग, आणि हा परत येणार की नाही ते विचार. तू हो म्हणालीस तर माझं हो."

तिकीट प्रमोदने इतक्या तत्परतेने पाठवलं की माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. ज्या मुलाने सात वर्षांत स्वतःहून राखीला फोन केला नाही, त्याला बहीण एवढी हवीहवीशी का झाली?

मंद्राकी

मंद्राकी म्हणजे शहरापुढचं लहान बंदर. तोंडाशी दोन खांब आहेत, एकावर काळविटासारखं हरीण आणि दुसऱ्यावर हरिणी. धक्क्यावर तीन पवनचक्क्या उभ्या आहेत. होड्या इतक्या स्वच्छ की मला वसईच्या पाचूबंदरची आठवण येऊन उलट चुकल्यासारखं झालं. मासळीचा वास नाही, लिलावाचा ओरडा नाही, जाळी शिवणारं कुणी नाही. असलं गुळगुळीत बंदर बघून माणसाला विश्वास वाटायच्या ऐवजी प्रश्नच पडतात.

आणि पाण्याच्या अगदी कडेला ती इमारत. खाली टोकदार कमानींच्या लांबच लांब ओवऱ्या, वर दोन रंगांच्या दगडांची नक्षी, जणू भिंतीवर चादर अंथरली आहे. प्रमोद अभिमानाने म्हणाला, "हा गव्हर्नरचा राजवाडा. आता सरकारी ऑफिस आहे. चांबी इथेच कामाला आहे." त्साम्बिकाची त्याने चांबी करून टाकली होती.

"किती जुना?"

"इटालियन लोकांनी बांधला. इथे त्यांचं राज्य होतं ना. आपले बाबा जन्मले त्या सुमाराचा."

"मग पाचशे वर्षांचा असल्यासारखा का दिसतो?"

"तसाच बांधलाय, ताई."

मला हे पटेना. मी दरवर्षी मुलांना वसईच्या किल्ल्यात नेते. तिथे पोर्तुगीज गेले, छपरं पडली, भिंतीतून पिंपळ आले. त्याचं वय त्याच्या अंगावर दिसतं. इथे राजवाडा बाबांच्या वयाचा आणि सोंग मात्र खापरपणजोबांचं. शिवाय राज्य करणारे निघून गेले तरी ग्रीक कारकून त्याच कमानींखाली पिशव्या लटकवत निवांत ये-जा करतात. पुढून एवढी नटलेली इमारत मागून कशी असेल, असं मनात आलंच.

हे माझ्या मनात का आलं ते सांगायला हवं. आमच्याकडे स्थळ बघायला गेलं की सगळे ओटीवर बसतात आणि एक जाणता माणूस पाय मोकळे करायच्या निमित्ताने घराच्या मागे जाऊन येतो. पुढचा ओटा पाहुण्यांसाठी सारवलेला असतो. मागे मोरी तुंबली आहे का, भांडी कोण घासतंय, गुरांपुढे काय टाकलंय, हे मात्र लपवता येत नाही. माझं लग्न ठरवताना बाबा बोळींजला असेच मागे गेले होते. माझ्या सासूबाईंना हा रिवाज ठाऊक. त्यांनी बाबांना चहा तिथेच नेऊन दिला.

तर मी प्रमोदला म्हटलं, "तू थांब, मी आले," आणि राजवाड्याला वळसा घालून मागे गेले. मागे नक्षी नव्हती. साध्या भिंती, एसीचे डबे, ओळीने लावलेल्या स्कूटर, एक पालथी बादली, आणि दाराशी सिगारेट ओढत उभे असलेले दोन कर्मचारी. त्यातल्या एकाने मला काहीतरी विचारलं. मी इंग्रजीत म्हटलं, "फक्त बघतेय." त्याने खांदे उडवले. मला बरं वाटलं. मागून ही इमारत आमच्या तहसील कचेरीच्या नात्यातली निघाली.

प्रमोद हसून हसून वाकला. "ताई, तू राजवाड्याचं स्थळ बघतेस का?"

"तू हस. तुझ्या सासरीही जाणार आहे मी मागे."

चढावरचं घर

त्साम्बिका आम्हाला संध्याकाळी न्यायला आली. तिशीची, उंच, कामावरून आल्यामुळे दमलेली. वाकून नमस्कार करायचा असं प्रमोदने तिला शिकवलं होतं. ती वाकली तेव्हा तिच्या खांद्यावरची पर्स सुटून माझ्या पायावर पडली. दोघीही हसलो. पण हसली म्हणून मी लगेच विरघळणार नव्हते. तिने इंग्रजीत सांगितलं की तिचे आईवडील मेलबर्नला असतात, ऱ्होड्सची कितीतरी माणसं तिकडे गेली आहेत. तिला आजीने वाढवलं. घरात आता आजी आणि ती दोघीच.

हे ऐकून माझा संशय जागेवर बसला. घरात पुरुषमाणूस नाही, म्हातारी एकटी, नात नोकरीला. यांना जावई नको आहे, घर सांभाळणारा माणूस हवा आहे. शिवाय स्वयंपाकी!

आजीला ते याया म्हणतात. पंच्याहत्तरीची असावी. अंगावर काळे कपडे, गुडघे दुखत असले तरी पाठ ताठ. तिने मला खुर्ची दाखवली आणि समोर बसून बघत राहिली. आधी एका बशीत द्राक्षांचा मुरंबा आणि घरच्या विहिरीच्या थंड पाण्याचा पेला आला. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात तसंच हे. तो मुरंबा एक चमचाच खायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मी बशी पुसून घेतली. यायाने त्साम्बिकाकडे बघून भुवया उचलल्या.

मग मी माझी भेट काढली. आगाशीची सुकेळी. राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधलेली. यायाने पुडकं सोडलं, एक काळपट तपकिरी सुकेळं नाकाशी नेलं, उलटसुलट केलं, आणि त्याचा तुकडा मोडून आधी पायाशी बसलेल्या मांजरापुढे टाकला. मांजराने हुंगून तोंड फिरवलं.

"याया!" त्साम्बिका लाजून ओरडली.

प्रमोद मला हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नको. ती माझ्याही हातचं पहिले तीन महिने मांजराला घालायची."

"आणि मांजर?"

"जाडं झालं ना."

शेवटी यायाने स्वतः एक कण चाखला, मग अख्खं सुकेळं संपवलं, आणि उरलेलं पुडकं पदरात घ्यावं तसं ॲप्रनच्या खिशात टाकलं. मग मला एक वडी दिली, मधात घोळवलेल्या तिळाची, संत्र्याच्या सालीचा वास असलेली. लग्नात वाटतात म्हणे. आमची संक्रांतच की! पण लग्न ठरायच्या आधीच लग्नातली वडी कशी हातात पडली, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

बाथरूमच्या निमित्ताने मी उठले आणि बाहेर पडून बोळातून घरामागे गेले. तिथे माझ्या नाकाइतकी उंच दगडी भिंत होती. टाचा उंचावून मी आत डोकावले. लिंबाचं झाड, त्याखाली विहीर, द्राक्षवेलीचा मांडव, दोरीवर वाळणारी पांढरीशुभ्र चादर, घासून उपड्या घातलेल्या कढया. नीट बघावं म्हणून मान पुढे काढली तर मांडवाखाली, माझ्यापासून दोन हातांवर, काठी टेकून याया उभी! ती मागच्या दाराने आधीच तिथे येऊन थांबली होती.

तिने शांतपणे काहीतरी म्हटलं. मागून धावत आलेल्या प्रमोदने खाली मान घालून सांगितलं, "म्हणतेय, दारातून ये आत. मान अवघडेल."

माझ्या बोळींजच्या सासूबाईंनंतर अशी बाई मला पहिल्यांदा भेटली. पण बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? जेवताना, चण्याच्या पिठाची नव्हे पण भिजवलेल्या चण्यांचीच भजी खाता खाता, मी प्रमोदला मराठीत विचारलं, "लग्नानंतर आगाशीला कधी येणार?"

"ताई, भजी गरम आहेत तोवर खा."

यायाला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण तिने खाणं थांबवून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

ओवरीत न जाणारी बाई

परदेशी माणसाचं लग्न म्हणून कागदपत्रं राजवाड्यातल्या एका खात्यात तपासायची होती. मुलगा अविवाहित आहे हा भारतातला दाखला होता, पण अधिकाऱ्याला घरच्या एका माणसाची समक्ष साक्ष हवी होती. प्रमोदने मला हे सकाळी चहा पिताना सांगितलं. म्हणजे मी इथे निव्वळ बघायला आले नव्हते, मला कामाला लावलं होतं. मी त्याला तसं तोंडावर बोलून दाखवलं.

"तुला आधी सांगितलं असतं तर बाबांनी वकील पाठवला असता," तो म्हणाला.

समुद्राच्या बाजूने आम्ही चाललो होतो. याया आमच्याबरोबर निघाली होती, पण राजवाडा जवळ येताच तिने रस्ता ओलांडला आणि पाण्याकडच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. मी त्साम्बिकाला विचारलं, ती का येत नाही?

"ती आत जात नाही. ओवरीतूनही चालत नाही. पाऊस असला तरी भिजत जाते."

मग तिने सांगितलं. याया शाळेत असताना इटालियन सरकारने शाळेत ग्रीक बोलायला बंदी केली. ही वर्गात आपल्या भाषेत बोलली म्हणून मास्तरांनी मारलं. तिचे वडील मास्तरांशी भांडले, तर त्यांना या राजवाड्यात बोलावणं आलं. नऊ-दहा वर्षांची पोर दिवसभर या कठड्याशी थांबली. वडील संध्याकाळी बाहेर आले आणि आत काय झालं ते त्यांनी मरेपर्यंत घरात सांगितलं नाही. "मला इथे नोकरी लागली तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही," त्साम्बिका म्हणाली. "अजूनही विचारते, त्यांनी तुला आज काय विचारलं?"

मी कठड्याशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, ती वर्गात तोंडून गेली की आम्हाला बाकावर उभं करायचे. मला बोलणी बसली, मार नाही, आणि आमच्या शाळेने मला पुढे खूप दिलं, तिचे माझ्यावर उपकार आहेत. तरीही त्या वेळी शरमेने गालाला बसलेला चटका मला आठवला. या सुंदर ओवरीबद्दलचा माझा संशय पहिल्यांदाच कुणीतरी खरा ठरवला होता.

आम्ही आत शिरलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मागून काठीचा आवाज आला. याया ओवरीत उभी होती. चेहरा पांढरा पडलेला, ओठ घट्ट मिटलेले. त्साम्बिका धावली. म्हातारीने तिचा हात बाजूला केला आणि माझ्याकडे काठी रोखून काहीतरी म्हटलं.

प्रमोदने भाषांतर केलं. "म्हणतेय, ही साक्ष देताना मला हिचे डोळे बघायचेत."

साठ-पासष्ट वर्षांत ज्या इमारतीत तिने पाऊल टाकलं नव्हतं, तिथे ती माझ्यावरच्या अविश्वासापोटी आली होती. मी तिला हात दिला. तो मात्र तिने धरला. जिना उंच होता.

वरचा मजला

खोलीचं छत उंच होतं, खिडकीतून हरणांचे खांब दिसत होते. अधिकारी पन्नाशीचे, सभ्य, चष्मा कपाळावर. त्साम्बिका त्याच इमारतीत कामाला म्हणून त्यांनी तिला मुद्दाम लांब भिंतीशी बसवलं. "आज तू इथली नाहीस," ते म्हणाले. माझ्याशी ते इंग्रजीत बोलले, आणि मी आगाशीच्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीत सावकाश उत्तरं दिली. यायाला खुर्ची दिली, तिने च्यक् करून मान वर उडवली. नकाराचा हा च्यक् त्यांचा आणि आपला एकच आहे. ती माझ्यासमोर उभीच राहिली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमच्या भावाची भारतात किंवा अन्यत्र पत्नी नाही, असं तुम्ही तुमच्या स्वतःच्या माहितीवरून सांगता का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि थांबले. माझी स्वतःची माहिती म्हणजे काय? मी राजवाड्याची मागची बाजू पाहिली, यायाच्या कढया पाहिल्या, त्साम्बिकाच्या प्रत्येक हसण्याचा अर्थ लावला. ज्याच्यासाठी आले त्या माणसाला मात्र मी पाठचा भाऊ म्हणून खरा धरून चालले होते. सात वर्षं जहाजं, बंदरं, हॉटेलं. यातलं मला काय माहीत होतं?

"एक मिनिट," मी अधिकाऱ्यांना म्हटलं आणि खुर्ची फिरवली. "पम्या, इकडे बघ."

"काय ताई?"

"कुठे काही आहे का? जहाजावर असताना, कुठल्या बंदरात? लग्न, शब्द, काहीही?"

"ताई! इथे विचारतेस? आत्ता?"

"आत्ताच. नंतर विचारून काय करू?"

"कुणी नाही. आईशप्पथ."

"मग खाली काय बघतोस?"

खोलीत बाकी कुणालाच आमची भाषा कळत नव्हती. प्रमोदचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे.

"लग्नाचं काही नाही, ताई. दुसरं आहे." त्याने मान वर केली. "मी परत येणार नाही. वाडी माझ्याच्याने व्हायची नाही. इथे मला बरं वाटतं. म्हातारीला एकटं टाकणार नाही असं मी तिला कबूल केलंय. तिने मागितलं नव्हतं, मीच म्हटलं."

"आणि बाबा?"

"मला त्यांना सांगता येत नव्हतं. म्हणून तुला बोलावलं."

म्हणजे तिकिटाची घाई ती होती. माझा संशय खरा निघाला होता, फक्त मी तो चुकीच्या घरावर घेतला होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. रडूही येत होतं. पण समोर जे विचारलं होतं त्याचं उत्तर वेगळं होतं आणि ते आता मला खरोखर माहीत होतं.

मी अधिकाऱ्यांकडे वळले. "त्याची कुठेही पत्नी नाही. मी हे माझ्या माहितीवरून सांगते."

त्यांनी मान डोलावली आणि चष्मा खाली घेतला. याया काठी टेकत जवळ आली. माझी हनुवटी धरून तिने माझे भरलेले डोळे अगदी जवळून पाहिले, आणि वळून भिंतीशी बसलेल्या नातीला मोठ्याने काहीतरी सांगितलं. त्साम्बिका रडत हसायला लागली.

"काय म्हणाली?" मी प्रमोदला विचारलं.

"म्हणाली, हिने साक्ष देण्याआधी स्वतःच्या भावालाही सोडलं नाही. आता माझी हरकत नाही." मग यायाने खुर्ची ओढली आणि त्या राजवाड्यात ती पहिल्यांदा बसली.

फोन

टपाल कचेरीजवळच्या कार्ड फोनवरून मी आगाशीला फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली असेल. प्रमोद जरा अंतरावर पाठ करून उभा होता. मी त्याला जवळ बोलावलं नाही.

"मुलगी कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"चांगली आहे. घर चांगलं आहे. माणसं आपल्यासारखी आहेत, पारखून घेणारी."

"आणि हा?"

मी आडवळणाने काही बोलले नाही. "तो परत येणार नाही, बाबा. इथेच राहायचं त्याने ठरवलंय. कुणी भरीला घातलेलं नाही, मी विचारलं."

 गेली दोन वर्षं आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. आसपास इमारती वाढल्या, टँकर पाणी उपसून नेऊ लागले, आणि खाडीचं खारट आत सरकलं. पानवेली कडेने पिवळ्या पडत होत्या. बाबा त्याबद्दल कुणाशी बोलत नसत.

"तिथे विहीर आहे का त्यांची?" त्यांनी विचारलं.

"आहे. लिंबाच्या झाडाखाली."

"तू पाणी प्यालीस?"

"प्यायले."

"कसं आहे?"

"गोडं आहे, बाबा."

"मग राहू दे त्याला," बाबा म्हणाले. "लग्नाला कधी यायचं ते विचार."